नैवेद्याच्या वांग्यातलं विष

पाणी पिवळसर झालं तेव्हा भाईदासनानांच्या खळ्यात बसलेल्या गर्दीतून नुसता एक हुंकार निघाला. ते हिरवट झालं तेव्हा मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात टेकून माना उंचावल्या. आणि मग त्यात चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ तरंगायला लागला, वर फेस धरला, तेव्हा सगळ्या निमटेक गावाने एकदम हात जोडले.

पाणी निळ्या प्लास्टिकच्या टबात होतं आणि त्या पाण्यात दिपमालाचे पाय होते. दिपमाला आठव्या महिन्याची पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने आई द्रौपदाबाईने तिला सासरहून आणलेली. टबाच्या दोन कडांना दोन लोखंडी त्रिशूळ टेकवले होते, टोकं पाण्यात, दांडे लाल नाड्याने गच्च गुंडाळलेले. मागे उंच पाटावर भगवी झूल, आणि झुलीवर मांडी घालून, हातात माइक घेऊन चुंबकनाथ महाराज.

"बघा माताओं, बघा सज्जनहो! पिवळं निघालं ते काय?"

"पित्त!" बाजूला उभा असलेला चेला चुडामण ओरडला.

"हिरवं निघालं ते?"

"करणी!"

"आणि हे तपकिरी, हे घाणेरडं, हे कशाचं?"

"गोळ्यांचं, महाराज! सरकारी गोळ्यांचं!"

"चुंबक लोखंड ओढतं की नाही? ओढतं! तसं माझं त्रिशूळ विष ओढतं. हे सायन्स आहे, बरं का. अंधश्रद्धेच्या मी सक्त विरोधात आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराज मूळचे कुठले, आधी काय करायचे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हैस घ्यायची तर आपले लोक तिचे दात बघतात, सड पिळून बघतात, आधीच्या मालकाच्या शेजाऱ्याकडे चौकशी करतात. महाराज मात्र हेच लोक तसाच पदरात घेतात, न तपासता.

गर्दीच्या कडेला डॉ. मृणाली सुरवाडे उभी होती आणि टबाकडे नाही, दिपमालाच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोरीचे ओठ पांढुरके पडले होते. पाय टबातून काढून उठताना तिला धाप लागली, तसा चुडामण म्हणाला, "विष निघाल्यावर अशक्तपणा येतोच."

मृणाली मूळची बोदवडची, आता धुळ्याच्या एका संशोधन केंद्रात कामाला. माती, चारा, जनावर आणि माणूस या साखळीत जस्त, तांबं, लोह असली द्रव्यं कुठे कमी पडतात, हे शोधण्याचं तिचं काम. शरीराला ही द्रव्यं लागतात चिमूटभर, पण ती चिमूट नसली की सगळं घर बसतं. त्यासाठी ती शिंदखेडा तालुक्यातल्या या गावात पावसाळ्यापासून येत होती. वावरातली माती न्यायची, कडबा न्यायचा, गुरांचे केस न्यायचे, आणि माणसांची नखं नि केसही न्यायचे. शरीरात कुठलं द्रव्य किती दिवस कमी आहे, हे नखं-केस सांगतात.

मातीचं कुणाला काही वाटलं नाही. गुरांच्या केसांना लोक हसले. पण माणसांची नखं नि केस म्हटल्यावर गाव जरा थबकलं होतं. कापलेलं नख आणि विंचरताना गळलेला केस बाईमाणूस इकडेतिकडे पडू देत नाही. पुरून टाकते, जाळून टाकते. परक्याच्या हाती तर कधीच देत नाही. तरी लोकांनी दिली, ती भिकुबाईमुळे.

भिकुबाई म्हणजे साठीची, एकटीने वावर कसणारी, तोंडाने फटकळ बाई. तिची म्हैस हाडकं चघळायची, दोरीवरचे कपडे ओढून खायची. बाहेरची बाधा म्हणून तिने उतारे टाकून पाहिले. मृणालीने चारा तपासला, जनावराला स्फुरद आणि तांबं कमी पडतंय हे ओळखलं आणि तिथल्या गुरांच्या डॉक्टरांकडून क्षारांची भुकटी सुरू करवली. म्हैस चिंध्या विसरली. तेव्हापासून भिकुबाई गावभर सांगत सुटली होती, "म्हैसले का कोनी भूल पाडी सकस? मन्ही म्हैसले गुन उना, म्हनजे बाई खरी!"

अर्थात महाराज आल्यावर भिकुबाई त्यांनाही खरंच म्हणायची. तिच्या हिशेबात बाईही खरी आणि बाबाही खरा. मनात एवढी मोठी जागा ठेवल्यावर तिथे चोर येऊन बसला तर नवल कसलं!

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मृणाली थेट द्रौपदाबाईच्या घरी गेली. बरोबर उपकेंद्राची नर्स हमीदा सिस्टर होती. दिपमाला मागच्या दारी भिंतीशी बसली होती. पावलं ऐकताच तिने हातातलं काहीतरी पदराखाली लपवलं. मृणालीने हात धरून बघितलं, तर भिंतीच्या मातीचा पोपडा. अर्धा खाल्लेला.

"डोहाळे शेत," द्रौपदाबाई घाईने म्हणाली.

"अक्का, हे डोहाळे नाहीत. अंगात लोह कमी पडलं की अशी माती खावीशी वाटते. भिकुअक्कांची म्हैस हाडं चघळायची ना, तसंच."

"मन्ही पोरले म्हैससंगे जोडतीस?" द्रौपदाबाई कडाडली.

हमीदा सिस्टरने बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. यंत्रावरचा आकडा बघून तिचा चेहराच उतरला. "मॅडम, हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. मागच्या महिन्यात साडेसात होतं."

"गोळ्या घेते का ही?"

दिपमालाने आईकडे बघितलं. आईच बोलली. "नही घेत. मीच बंद कऱ्यात. गोया खादी का पोर भडभडा वकस. आनि शी कशी व्हस, माहित शे का? डांबरसारखी काई! मंग ते इष नही ते काय शे? बाबानी सांगं, तेच खरं. आनि आज तुमीन डोयाघाई देखं ना, केवढं इष निंघनं पोरना आंगमातून!"

मृणालीने मान वळवून हमीदाकडे बघितलं. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं. न पचलेलं लोह बाहेर पडतं, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. "हे सांगितलं होतं का कुणी यांना?"

"गोळ्या द्यायच्या, रोज घ्या म्हणायचं, पुढच्या गावाला पळायचं," हमीदा हळू आवाजात म्हणाली. "काळ्याचं सांगायचं राहूनच जातं, मॅडम."

तेव्हा मृणालीने तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. रक्त म्हणजे काय, त्यात लोह काय करतं, ते नसलं तर बाळाला श्वास कसा अपुरा पडतो, बाळंत होताना थोडं रक्त गेलं तरी पोर हातची कशी जाईल. आजच्या आज धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात चला, म्हणाली. द्रौपदाबाईने ऐकून घेतलं. पोरगी आपल्याकडे असताना काही बरंवाईट झालं तर सासरची माणसं काय म्हणतील, हीच एक धास्ती तिला दिवसरात्र खात होती, आणि त्या धास्तीला महाराजांनी बरोबर हात घातला होता.

"चंपाषष्ठीले शेवटली बैठक शे," ती म्हणाली. "ती व्हवू द्या. मंग देखू."

चंपाषष्ठी तोंडावर आली होती. पण या पोरीला तेवढेही दिवस परवडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी माइकवरून गावाला सवाल टाकला. "नखं कोण गोळा करतं? केस कोण गोळा करतं? बोला! डॉक्टर कधी नखं मागतो का? नखं कोण मागतं, हे तुमच्या आज्या-पणज्या तुम्हाला सांगून गेल्यात. पोरीच्या पाण्यात हिरवं निघालं, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"करणी!" चुडामण ओरडला.

बस्स. संध्याकाळपर्यंत मृणालीच्या गाडीभोवती माणसं जमली. आमची नखं द्या, आमचे केस द्या. ज्या बायांनी तिला चहा पाजला होता, त्याच आता पदर आवळून लांब उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे द्रौपदाबाई. तिने दिपमालाच्या नावाची पुडी मृणालीच्या हातातून हिसकावली आणि तिथेच काडी लावून जाळली. बाकीच्यांनीही आपापल्या पुड्या तीत टाकल्या. मृणालीने महिनोन्महिने केलेलं काम केस जळण्याच्या वासात संपलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. तिला स्वतःच्या अपमानाचं फार वाटलं नाही. कुठलाही लफंगा येतो, लोकांच्या आज्यांची भीती उसनी घेतो आणि तीच त्यांच्या नातींच्या गळ्याला लावतो, याची तिला चीड आली.

रागाच्या भरात तिने एक चूकही केली. त्याच वेळी खळ्यातल्या मांडवात कुणाची तरी बैठक चालू होती. ती सरळ टबापाशी गेली, त्यातलं तपकिरी पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. "हे विष नाही. हे लोखंड आहे, गंज आहे! मी आत्ता दाखवते." तिने पिशवीतून औषधाचे दोन थेंब त्यात टाकले. लोह असलं की त्या औषधाने पाणी गडद निळं होतं. झालंही. शाईसारखं निळं.

मग महाराज हसले. आधी हळू, मग पोट धरून.

"निळं झालं! अरे, विष नेहमी निळंच असतं! महादेवाचा कंठ कशाने निळा झाला? बाई, तुम्ही स्वतःच्या हाताने सिद्ध केलंत! विज्ञानानेही मानलं!"

गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. मृणाली हातात निळी बाटली घेऊन उभी राहिली. प्रयोग अगदी बरोबर होता आणि तो तिच्याच अंगावर उलटला होता. जे आपल्याला दिसतं ते लोकांनाही तसंच दिसेल, असं धरून चालणं हाही एक भाबडेपणाच.

धुळ्याला परतताना ती सगळं पुन्हा पुन्हा आठवत राहिली. देवाधर्माच्या कामाला आपल्याकडे तांब्या-पितळेचं भांडं लागतं. या माणसाने प्लास्टिकचा टब का घेतला? पाण्यात पाय ठेवल्यावर लगेच काही होत नाही, पण महाराज 'मंत्रवलेलं' मीठ मूठभर टाकतात आणि मग पाणी बदलायला लागतं, ते का? पाय घातलेले लोक मुंग्या येतात म्हणून सांगतात, त्या का येतात? एकाच त्रिशुळापाशी फेस जास्त का धरतो?

प्रयोगशाळेत तिने प्लास्टिकची बादली घेतली, साधं पाणी भरलं, लोखंडी सळईचे दोन तुकडे मोटारसायकलच्या बॅटरीला तारांनी जोडून त्यात सोडले. काही झालं नाही. मूठभर मीठ टाकलं. एका सळईवर बुडबुडे धरले. पाणी पिवळसर झालं, हिरवट झालं, मग तपकिरी. कुणाचे पाय नव्हते, कुणाचं पित्त नव्हतं, कुणाची करणी नव्हती. सळई झिजत होती आणि पाणी गंजत होतं, एवढंच. मिठाशिवाय पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून मीठ. धातूच्या भांड्यात सगळा डाव बिघडला असता, म्हणून प्लास्टिक.

ती बादलीकडे बघत बसली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे तपकिरी दुसरं काही नाही, लोहच आहे. ज्या द्रव्याच्या अभावी दिपमाला मरणाच्या दारात उभी आहे, तेच द्रव्य या माणसाने तिच्या पायाशी ओतलं, त्यालाच विष म्हणून दाखवलं आणि तिच्या तोंडातली गोळी काढून घेतली! चोर माल नेतो. हा हरामखोर भुकेल्याच्या पुढचं ताट उचलतो आणि वर म्हणतो, मी तुला वाचवलं.

चंपाषष्ठीला ती पुन्हा निमटेकला आली. या वेळी औषधांची पिशवी आणली नाही. हमीदा सिस्टरला सांगून रुग्णवाहिका मात्र गावाबाहेर उभी करवली होती.

खळ्यात त्या दिवशी जत्रा होती. वांगेसट! चातुर्मासभर न खाल्लेलं वांगं या दिवशी खंडेरावाला दाखवायचं, मग भरीत-रोडग्याचं जेवण. देवाच्या टाकापुढे पोपटी, भरघोस भरताच्या वांग्यांचा ढीग रचलेला, वर भंडारा उधळलेला. बाजूला भाजायला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या. वांगी भिकुबाईच्या वावरातली. तिथला एक वाफा ती दरसाल देवाच्या नावानेच लावते. महाराजांनीही सकाळी त्या ढिगावर हात ठेवून माइकवरून सांगितलं होतं, "हा शुद्ध सात्त्विक नैवेद्य आहे. याचा घास पोटात गेला की उरलंसुरलं विष जळून जाईल!"

दिपमालाला बैठकीसाठी आणलं, तेव्हा तिला दोघींनी धरलं होतं. चुडामणने जुनं पाणी ओतून टबात ताजं पाणी भरलं, त्रिशूळ टेकवले. ती पाय ठेवणार, तेवढ्यात मृणाली पुढे झाली.

"थांब दिपमाला. महाराज, एकच विचारायचंय."

"उनी का परत!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. भाईदासनाना काठी टेकत उठले. खळं त्यांचं, त्यामुळे मानही त्यांचा. "मॅडम, आज सणना दिन शे. वाद नको."

"वाद नाही नाना. एक प्रश्न. महाराज, टबात देह नसला तर पाणी रंग बदलेल का?"

महाराजांनी गर्दीवर नजर फिरवली आणि खुशीत हसले. "देहच नाही तर विष येईल कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात येईल का? नुसतं पाणी हजार वर्षं ठेवा, नितळच राहील!"

"आणि ज्यात विष नाही असं काही ठेवलं तर?"

"तर बिलकुल बदलणार नाही!"

"ऐकलं ना सगळ्यांनी?" मृणाली वळली. "भिकुअक्का, नैवेद्यातली दोन वांगी द्याल? तुमच्या हाताने."

भिकुबाईला आधी काही कळलं नाही. पण आपल्या वांग्यांना असा मान मिळतोय म्हटल्यावर तिने चांगली दोन तेजदार वांगी निवडली, पदराने भंडारा लख्ख पुसला आणि मृणालीने खूण केली तशी ती दिपमालाच्या पायांच्या जागी टबात सोडली.

"हे पाखंड आहे!" महाराज उठले. "देवाची थट्टा!"

"थट्टा कसली? नैवेद्य शुद्ध आहे, तुम्हीच म्हणालात. आता मीठ टाका."

"मी टाकणार नाही!"

"कशानं नही टाकत?" ही भिकुबाई. "शुद्ध वांगाले तुमीन काय भेतस?" आणि कुणी अडवायच्या आत तिने महाराजांच्या वाटीतलं मंत्रवलेलं मीठ ओंजळीने उचलून टबात टाकलं.

सगळं खळं पुढे झुकलं. एका त्रिशुळापाशी बुडबुडे धरले. मग पाणी पिवळसर झालं.

"पित्त," मृणाली म्हणाली. "वांग्याचं पित्त."

पाणी हिरवट झालं.

"करणी. भिकुअक्का, तुमच्या वांग्यांवर कुणी करणी केली?"

वांग्यांच्या पोपटी अंगाला तपकिरी गाळ चिकटायला लागला, फेस वर आला. एक पोरगी फिसकन हसली, मग पाठोपाठ बायकांची आख्खी रांग. "बोला महाराज! या वांग्यांनी कुठल्या सरकारी गोळ्या खाल्ल्या होत्या?" मृणालीने विचारलं.

महाराजांना घाम फुटला. माइक तोंडाशी नेत ते म्हणाले, "हे... हे फवारणीचं विष आहे! आजकाल भाजीवर औषधं किती मारतात! तेच निघतंय! बघा, माझ्या त्रिशुळाची शक्ती..."

ते वाक्य त्यांना फार महागात पडलं.

"काय म्हने?" भिकुबाईने पदर खोचला. "फवारा? मना वावरमा? आरे भामट्या, शेनखतवर वाढाडेल वांगा शेतस ह्या! खंडेरावना नावना वाफा शे तो! त्याले मी आजलोंग औषिदना थेंब दावा नही! सकायमा शुद्ध म्हने, आनि आते मना वांगामा इष? देवना निवदमा इष?"

तिच्यामागे बाकीचेही उठले. पोरीच्या अंगात विष आहे म्हटल्यावर जे गाव गप्प बसलं होतं, ते नैवेद्यात विष आहे म्हटल्यावर खवळून उठलं. मृणालीला त्याही क्षणी या गोष्टीचा राग आला, पण तो तिने गिळला. भिकुबाईने महाराजांच्या बसायच्या पाटाला हात घातला, झूल ओढली, पाट उलटला. खाली काळ्या कापडात मोटारसायकलची बॅटरी होती. तिच्यापासून निघालेल्या दोन तारा झुलीखालून त्रिशुळांच्या लाल नाड्यांत शिरलेल्या.

मृणालीने एक तार उपटली. बुडबुडे थांबले. पुन्हा जोडली, पुन्हा धरले. तिने भाईदासनानांना बोलावून तेच त्यांच्या हाताने करून बघायला लावलं. नानांनी तार लावली, काढली, लावली आणि खाली बसले. त्यांचं तोंड कडू झालं होतं.

"हा सगळा गंज आहे," मृणाली म्हणाली. आता तिला माइक लागत नव्हता. "लोखंड झिजतं, त्याचा रंग पाण्यात उतरतो. म्हैस उभी करा, धोंडा ठेवा, खाट ठेवा, पाणी असंच होणार. तुमच्या अंगातून काहीही निघालेलं नाही. या माणसाने फक्त एक गोष्ट काढून नेली, दिपमालाच्या तोंडातली गोळी! द्रौपदाअक्का, काळी शी विषाची नाही. जास्तीचं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. भीती वाटली तर सिस्टरला विचारायचं होतं, मला विचारायचं होतं. या माणसाला मात्र एक प्रश्न विचारला तर बघा, कसा पळायला लागला!"

खरंच, चुडामण कुंपणापर्यंत पोचला होता. पोरांनी त्याला धरून आणलं. महाराजांवर हात टाकायला धावलेल्यांना नानांनी काठी आडवी घालून अडवलं आणि शिंदखेड्याच्या पोलिसांना फोन लावला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा कळलं की चुंबकनाथांचं नाव योगराज आणि धंदा गाड्यांच्या बॅटऱ्या भरून देण्याचा. विद्या कुठलीही असो, तिचा असा उपयोग करणाऱ्याच्या तोंडावर थुंकावं.

पण हे सगळं मृणालीने नंतर ऐकलं. कारण त्या गोंधळात दिपमाला उभी होती तिथेच खाली कोसळली.

रुग्णवाहिकेत द्रौपदाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हमीदाने ऑक्सिजनचा मुखवटा धरला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने दिपमालाची पापणी उलटून बघितली आणि मृणालीवरच ओरडली, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही लोक?" रक्ताच्या पिशव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी वेळेआधीच कळा सुरू झाल्या आणि पोरगी झाली, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. दिपमाला जगली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी आठवडा गेला असता तर दोघी गेल्या असत्या.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची एक पोर होती, तशीच पिवळी पडलेली. तिची सासू द्रौपदाबाईजवळ सरकली आणि कुजबुजली, "आमना गावले एक बाबा उना शे. धागा बांधस. सलाईन-बिलाईन काहीच लागत नही. तुन्ही पोरसाठे आनू का एक?"

मृणाली दारात उभी होती. ती पुढे होणार, तोच द्रौपदाबाई उठली. तिचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला.

"धागा? तो धागा काय करस, ते पहिले माले सांग! पोरना आंगमा रगत भरस का? कसा भरस? इचारं का तू त्याले? नही इचारं? मी बी नही इचारं, माय! मन्ही पोर मरनारी व्हती. मन्हा हातघाई मरनारी व्हती!"

नर्स धावत आली, गप्प बसा म्हणाली. द्रौपदाबाई गप्प बसली नाही. आणि कशाला बसावं? देव माना, मानू नका, ज्याचा त्याचा प्रश्न. पण कुणी तुमच्या लेकीचं औषध बंद करायला सांगत असेल, तर त्याला भर मांडवात विचारा, का? कसं? मला करून दाखव. पाय काढून दाखव, पाट उचलून दाखव. खरा असेल तो दाखवेल. जो चिडेल, शाप देईल, तुमच्याच श्रद्धेवर बोट ठेवेल, त्याच्यापासून पोर उचला आणि दवाखान्याची वाट धरा. आणि दवाखान्यात बसलेल्यांनीही गोळी हातावर ठेवताना दोन वाक्यं जास्तीची बोलावीत. तेवढ्याने कुणाचा वेळ बुडत नाही.

शिरपूरची ती सासू गोरीमोरी होऊन सुनेच्या पायथ्याशी बसली होती. द्रौपदाबाईने तिच्या सुनेच्या उशाशी पडलेली लोहाच्या गोळ्यांची पट्टी उचलली, एक गोळी काढली, पाण्याचा पेला भरला.

"घे बेटा," ती त्या पोरीला म्हणाली. "शी डांबरसारखी काई व्हई. घाबरू नको."